घडीच्या नावेला करडीचं तेल

"बीबीसाब, ये पानी से नै डरती, पत्थर से बी नै डरती. तेल से डरती. तेल नक्को लगाना इसको."

नुमाइशीतल्या, म्हणजे हैदराबादच्या मोठ्या प्रदर्शनातल्या दुकानदारानं हे सांगितलं तेव्हा सत्यभामेचं सगळं ध्यान तुंगाच्या मनगटाकडं होतं. बागे-आम या सरकारी बागेत त्या संध्याकाळी माणसांची नुसती रेटारेट, आणि चार वर्षांची पोर हात सोडवून घेण्यात पटाईत.

"नावेला तेल कोण लावतंय हो?" ती हसत म्हणाली. "फोडणी द्यायचीय का तिला?"

दुकानदारही हसला. तिचे यजमान श्रीपतराव पलीकडं दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं हातावर तोलत उभे होते, त्यांच्या कानी ते गेलंच नाही. तिच्या कानी गेलं आणि तुंगा गर्दीत घुसायला लागली तसं निघूनही गेलं.

नाव जर्मन होती, घडीची. लांबोडक्या दोन पिशव्यांत मावायची. एकीत लाकडाच्या फासळ्या, दुसरीत रबर चढवलेलं जाड काळं कापड. फासळ्या एकमेकींत अडकवायच्या, त्यांच्यावर ते कापड मोज्यासारखं ओढून बसवायचं, की माशासारखी निमुळती नाव तयार. शिवणींतून पाणी येऊ नये म्हणून त्यांच्यावर रबराच्याच पट्ट्या चिकटवलेल्या. श्रीपतराव हैदराबादच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. खडूनं फळ्यावर नद्या काढून काढून त्यांचा जीव खऱ्या नदीवर गेला होता. हुसेनसागरात मित्रांबरोबर वल्हवायला शिकले, सुट्टीला मीर आलमच्या तळ्यावर जाऊन आले, आणि मग घरात एकच धोशा सुरू झाला: आपल्या गावची करंजा नदी. गावाजवळून निघायचं आणि करंजा मांजरेला मिळते त्या संगमावर उतरायचं. पुढच्या वर्षी मांजरा धरून थेट गोदावरी.

त्यात दुकानदारानं आणखी एक वेड भरवून दिलं. प्रवासाची तसबीर आणा, पुढच्या नुमाइशीत दर्शनी भागाला लावतो म्हणाला. लेकराला पुढं बसवून काढलीत तर बघायलाच नको. लोक म्हणतील, अरे, हिच्यात पोरंसुद्धा बसतात!

त्या दिवसापासून सत्यभामा गावाकडनं येईल त्याला करंजेत कुठं किती पाणी आहे ते विचारायला लागली. ती कॉलेजात शिकलेली. वाचलेलं सगळं तिच्या ध्यानात राहायचं आणि ध्यानात राहिलेल्या सगळ्याची तिला धास्ती वाटायची. उकळतं दूध, आडाचा कठडा, सरपणातला विंचू, दुसऱ्याच्या पोराचा खोकला. "आमच्या सूनबाईचे डोळे म्हंजे मळ्यातल्या बुजगावण्याचे," सासूबाई चंद्रभागाबाई शेजारणींना सांगायच्या, "रातंदिस उघडेच."

दिवाळीला सगळे गावी आले. गाव खटकचिंचोळीच्या पलीकडं, करंजेच्या काठाला. नावेच्या पिशव्या श्रीपतरावांनी आधीच रेल्वेनं भालकीला धाडल्या होत्या आणि त्यांचे धाकटे चुलते अंबाजीतात्या बैलगाडी जुंपून त्या घेऊन आले होते. तात्या बिनलग्नाचे. मळा, मोट आणि बैल एवढाच त्यांचा संसार. त्यात सणासुदीला तुंगा यायची. ती आली की तात्यांच्या खांद्यावरून उतरायचीच नाही.

बघतात तो तात्यांनी नाव ओसरीवर जोडून ठेवलेली. काळीभोर, तुकतुकीत.

"तात्या, कुणी जोडली?" श्रीपतराव ओरडलेच.

"कुणी म्हंजे? पिशवीत चित्र हुतं की." तात्या मिशीत हसले. "गाडीची साटी बांधण्यापरीस सोपं हाय. आन लई रुक्ष दिसायली हुती, म्हनून जरा हात फिरवला."

"कशी झळकायलीय बघ, सत्यभामा!" श्रीपतराव म्हणाले.

सत्यभामेनं बघितलं. पुसून घेतली असेल, असं तिला वाटलं. घरात तेव्हा करंज्या, चकल्या, शंकरपाळे यांचे घाण्यावर घाणे निघत होते. करडीच्या तेलाचा वास ओसरीपासून न्हाणीपर्यंत भरला होता, त्यात आणखी कुठला वास कुणाला वेगळा येणार?

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाव पाण्यात घालायची ठरली. पाऊस चांगला झाला होता, पण नदी रोज थोडी थोडी उतरत होती. आणखी थांबलं तर कातळ उघडे पडतील, अशी श्रीपतरावांना घाई. चंद्रभागाबाईंनी नावेच्या टोकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

"कामून एवढं तोंड पाडलंय, गं?" त्या सुनेला म्हणाल्या. "नवरा काय लढाईला जायलाय?"

"नवरा जाऊ द्या हो, आत्याबाई. पोर जायलीय."

तिनं तुंगाच्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधले होते. गावातली पोरं पोहायला शिकतात तसे. नावेत बसायची जागा अरुंद, बापाच्या दोन पायांच्या मध्ये पोर. भोपळे तिथं मावेनात. श्रीपतरावांनी ते सोडून नावेच्या नाकाडावर बांधून टाकले.

"अहो!"

"अगं, हाताशीच आहेत. आणि संगमापर्यंत पाणी कुठंही छातीच्या वर नाही."

"आणि वाटेतला काळडोह?"

"डोहाच्या अंगावरून जाऊ आम्ही. आम्ही काय बुडायला निघालोय? वरून तर जायचंय."

ती गप्प बसली नाही. बसायच्या जागेवर ओढायचं एक कापडी झाकण नावेबरोबर आलं होतं, वल्ह्याचं पाणी आत उडू नये म्हणून. ते माणसाच्या कमरेभोवती दोऱ्यांनी आवळायचं. श्रीपतराव नको नको म्हणत असताना तिनं ते पोरीच्या काखेपर्यंत वर ओढलं, बापलेकीला एकत्र गुंडाळलं आणि दोऱ्यांना आपल्या हातानं निरगाठी मारल्या. एकीवर एक.

"आता भिजायची नाही, गारठायची नाही," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं.

नाव निघाली. काठावरची माणसं ओरडली, तुंगा हात हलवून हलवून दिसेनाशी झाली. सत्यभामेनं घरी यायचं, भाकऱ्या बांधून घ्यायच्या, आणि गडी नागप्पाबरोबर गाडीनं संगमावर जाऊन कॅमेरा घेऊन उभं राहायचं, असं ठरलं होतं. नदी माळाला मोठा वळसा घालून जाते, गाडीवाट मात्र माळ कापून सरळ उतरते. घाई नव्हती.

ओसरीवर तुंगाची चिंध्यांची बाहुली पडली होती. नाव जिथं ठेवली होती नेमकी तिथंच. सत्यभामा उचलायला वाकली तर बाहुली निघेना, जमिनीला चिकटली होती. ओढली तर तिच्या पाठीला काळा, गुळाच्या पाकासारखा लगदा. शहाबादी फरशीवर नावेच्या लांबीचा काळा ओघळ उठला होता. तिनं बोट लावलं. बोटाला तार आली. नाकाशी नेलं.

करडीचं तेल.

भिंतीच्या कडेला एक काळी पट्टी पडलेली होती, सापाच्या कातेसारखी गुंडाळून.

"तात्या," तिनं गोठ्याकडं तोंड करून हाक मारली. "ही पट्टी कुठली?"

तात्या गोठ्यातून आले. "ती व्हय? नावेचीच. आपोआप सुटली. वरवरची हुती, काढून ठिवली."

"आणि तेल?"

"लावलं की." तात्यांचा चेहरा उजळला. "तुमी यायच्या आदी मोटेला लावायचंच हुतं, तवा हिलाबी लावलं. आतून-भाईरून. उनात ठिवली, मुरू दिलं, पुन्ना लावलं. सूनबाई, कातडं वाळलं की तडकतंय. मोट बगा माजी, किती वर्सं झाली, एक थेंब गळत न्हाई. आपली तुंगी बसायची म्हनल्यावर मी हात आखडता घेतो व्हय?"

दुकानदाराचं ते हसणं तिला आठवलं. आधी हसणं, मग शब्द.

"तात्या, ते कातडं नव्हतं. रबर होतं. तेलानं विरघळतं ते."

"कातडं न्हाई?"

"न्हाई हो, तात्या! शिवणी सुटायल्यात तिच्या! आणि पोरीला मी बांधून घातलंय!"

तात्यांनी धोतर वर खोचलं आणि पायात काही न घालता नदीच्या अंगानं पळत सुटले. म्हातारा माणूस, पण पळाले ते वळून न बघता.

नागप्पा बैल जुंपतच होता. भाकऱ्या राहिल्या, पाणी राहिलं. कॅमेरा आधीच गाडीत टाकलेला होता, तेवढा आला. नागप्पा मूळचा मुडबीकडचा, घाईत आला की त्याची मराठी सुटायची आणि कानडी यायची. "अक्का, गट्टी हिडीरी!" म्हणून त्यानं शेपट्या पिरगाळल्या तशी तिनं गाडीची खुंटी दोन्ही हातांनी धरली.

माळावरची वाट म्हणजे नुसते काळे दगड. गाडी उडत होती, आपटत होती, आणि तिच्या डोळ्यांपुढं फक्त त्या निरगाठी. ओली गाठ आणखी आवळते. हे तिला माहीत होतं. असलं सगळं तिला माहीत असायचं.

"नागप्पा, संगमाला नको. काळडोहाला घे."

"तिकडं गाडी उतरत न्हाई, अक्का."

"मी उतरते. तू घे."

काळडोहाच्या वरच्या अंगाला नदी पसरते. फरशीसारखा सपाट कातळ, त्यावरून गुडघाभर, कुठं कमरेइतकं पाणी घाईघाईनं वाहतं आणि मग एका कंगोऱ्यावरून डोहात उतरतं. डोहाचं पाणी हिरवं नाही, निळं नाही, काळं. खाटांची सुंभं जोडून दगड सोडला तरी तळ लागला नाही, असं गावात सांगतात. सत्यभामा घसरत, काट्यांना लुगडं फाडून घेत काठाला पोचली आणि तिनं वर बघितलं.

नाव येत होती.

पण ती सकाळची नाव नव्हती. मागून बसली होती, पाण्यातून भुई नांगरल्यासारखी चालत होती. आणि तिच्या मागं काळी लांब शेपटी. शिवणीवरची दुसरी पट्टी. निम्मी सुटून पाण्यावर वळवळत होती.

"काठाला घ्या!" ती ओरडली. "अहो, काठाला!"

पाण्याच्या आवाजानं तिचे शब्द गिळून टाकले. श्रीपतरावांना ती दिसली मात्र. नावेत पाणी येतंय हे त्यांना कळलंच असणार, ते जोरजोरात वल्हवत होते. पण त्यांचा हिशोब साधा होता. डोह ओलांडला की संगम, संगमाला थांबायचंच आहे. आता बायको आधीच येऊन उभी राहिलेली बघून त्यांना एकच वाटलं. त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, ताठ बसले, तुंगाचा हात धरून वर केला आणि दोघंही हसली.

तसबिरीसाठी.

सत्यभामेनं दोन्ही हात हलवले, तसा त्यांनीही हलवला. ती पदर ओढून फडकवायला लागली, तसं तुंगानं दुसराही हात वर केला. नाव कंगोऱ्याकडं सरकत होती. नागप्पा वर बैल सांभाळत "अण्णा! अण्णा!" करून ओरडत होता, त्याचंही काही पोचत नव्हतं.

या माणसाला स्वतःची भीती कधी वाटत नाही. लग्न झाल्यापासून तिनं हेच बघितलं होतं, यावरूनच भांडली होती. आता सांगून काही उपयोग नव्हता. मग त्याला भीती कशाची वाटते?

ती पाण्यात शिरली.

तिला पोहता येत नव्हतं. आडातलं पाणी शेंदतानासुद्धा ती एक पाय मागं ठेवून उभी राहायची. पायाखाली शेवाळ, लुगड्यात पाणी भरलं तसं ते तिला ओढायला लागलं. गुडघा, मांडी, कंबर. कंगोऱ्याच्या दिशेनं ती चालत राहिली आणि मग एक पाय सुटला. ती बसली. डोक्यावरून पाणी गेलं. वर आली तेव्हा नाकातोंडात पाणी, आणि समोर श्रीपतरावांचा चेहरा. त्यावरचं हसू पुसून गेलं होतं.

वल्हं पाण्यात घुसलं. नावेचं नाक वळलं, प्रवाहाला आडवं झालं, आणि सगळा जोर लावून ते तिच्याकडं यायला लागले. तिला वाचवायला.

कातळावर नावेचं बूड घासलं आणि भिजलेल्या पापडासारखं उलगडलं. आवाजसुद्धा झाला नाही. फासळ्या उघड्या पडल्या, एका दमात नाव पाण्यानं भरली. कमरेइतकंच पाणी, पण तुंगा बसलेली, बांधलेली. पाणी तिच्या हनुवटीला लागलं.

"आई, गार लागायलंय."

सत्यभामा कशी पोचली ते तिला सांगता यायचं नाही. एका हातानं तिनं पोरीची हनुवटी वर धरली, दुसऱ्यानं गाठी शोधल्या. त्या दगड झाल्या होत्या. दात लावले. नाव त्यांच्यासकट कंगोऱ्याकडं सरकायला लागली तशी श्रीपतरावांचे पाय फाटलेल्या बुडातून खाली गेले आणि कातळाला टेकले. ते नाव कमरेला अडकवलेल्या बैलासारखे उभे राहिले.

"सोड लवकर, सत्यभामा. माझे पाय सरकायलेत."

"सुटत न्हाई! नागप्पा, विळा! वैरणीचा विळा!"

नागप्पानं बैल तसेच सोडले. पाण्यातून धडपडत आला, विळा त्यानं पहिल्यांदा चुकीच्या बाजूनं घातला, शिवी हासडली, पुन्हा घातला. दोरी तुटली. एक, मग दुसरी. सत्यभामेनं पोरीला उपसून खांद्यावर घेतलं, नागप्पानं श्रीपतरावांच्या बखोटीला धरलं, आणि हलकी झालेली नाव, नाकाडावरच्या दोन भोपळ्यांसकट, कंगोऱ्यावरून सरकून डोहात उतरली.

पोर काकडली होती, ओठ निळे. माळाच्या पलीकडं लिंगायतांची चार घरं आहेत, तिथल्या शरणम्मानं काही न विचारता चूल पेटवली, स्वतःची कांबळ दिली, तुंगाला गरम कढी पाजली. ऊब आली तशी पोर तोंड चालवायला लागली. तेव्हा कुठं सत्यभामेला तात्यांची आठवण झाली.

"नागप्पा, तात्या नदीकडनं येत होते. पळ, बघ."

तात्या डोहावर येऊन पोचले होते. काठावर कुणी नव्हतं, आणि डोहात उपडी नाव आणि तरंगणारे दोन भोपळे. त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. नागप्पा गेला तेव्हा म्हातारा डोहात बुड्या मारत होता. वर यायचा, दम घ्यायचा, पुन्हा खाली जायचा. हाका त्याला ऐकू जात नव्हत्या. शेवटी नागप्पानंच उडी टाकून त्यांना केसांना धरून बाहेर काढलं.

शरणम्माच्या दारात त्यांना आणलं तेव्हा तुंगा चुलीपुढं बसून शेंगा खात होती.

"तात्या, आमची नाव पापड झाली!" ती म्हणाली.

तात्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बाहेरूनच वाकून त्यांनी तिच्या पायाच्या अंगठ्याला हात लावला, गार आहे का बघितल्यासारखा.

"तात्या, आत या हो," सत्यभामा म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं."

"माज्या हातानं लावलं की, सूनबाई," ते म्हणाले. "दोनदा." आणि गेले.

त्यानंतर त्यांनी मळ्यातल्या खोपीतच मुक्काम टाकला. घरी जेवायला येत नाहीत. चंद्रभागाबाई भाकरी पाठवतात, ती खातात. पण जवसाच्या चटणीवर तेलाची धार घ्यायची ती घेत नाहीत. कोरडी खातात. मोट तडकली, पाणी गळायला लागलं, तरी तिला हात लावला नाही. श्रीपतराव जाऊन बसले, पाया पडले; म्हातारा बैलांविषयी बोलला, दुसरं काही बोलला नाही. गेल्या सुट्टीत सत्यभामा तुंगाला घेऊन गेली तर त्यांनी पोरीला खांद्यावर घेतलं नाही. माजा खांदा दुकतोय म्हणाले.

आता लढाईमुळं रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते, आणि सत्यभामेला पुन्हा दिवस गेलेत, तेव्हा वैद्यांनी प्रवासाला नको म्हटलंय. हैदराबादेत बसून ती तुंगाला निजवते आणि मग छताकडं बघत पडून राहते. नदीची भीती तिला आता तितकी वाटत नाही. वाटते ती त्या खोपीची.

म्हणून तिचं तुम्हां वाचणाऱ्यांकडं एक मागणं आहे. भालकीला उतरून कुणी खटकचिंचोळीच्या अंगाला निघालं असेल, तर करंजेच्या काठानं थोडं पुढं जा. अंबाजीतात्यांचा मळा कुणीही दाखवील. नावेचा विषय काढू नका. तंबाखू मागा, बैलांचं विचारा, जेवायच्या वेळेपर्यंत बसा. आणि ते भाकरी सोडतील तेव्हा चटणीवर तेल घेतात का, तेवढं बघून या. घेत नसतील तर म्हणावं, तुंगी विचारायलीय, तात्यांचा खांदा बरा झाला का?